ताईची गाडी आणि चौथा गिअर

गेल्या वर्षीच्या श्रावणातली गोष्ट. सकाळी साडेसातला साताऱ्याहून ताईचा फोन आला. एवढ्या सकाळी तिचा फोन येतो तेव्हा एक तर नात्यातले कोणीतरी गेलेले असते, किंवा तिला शब्दकोड्यात एखादा शब्द अडलेला असतो. त्या दिवशी दोन्ही नव्हते.

"अरे, गाडी ओरडते आणि चालत नाही," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"म्हणजे काल यवतेश्वरच्या घाटात पाय दाबला की इंजिनाचा नुसता आवाज वाढायचा. गाडी आपली आहे तिथंच. वर्गात काही पोरी असतात बघ, 'बाई मी सांगू, बाई मी सांगू' म्हणून ओरडतात, आणि उठवलं की गणित काही पुढं सरकत नाही. तशी."

ताईने साताऱ्यात मुलींच्या शाळेत तीस वर्षांहून अधिक काळ गणित शिकवले. त्यामुळे तिच्या उपमा वर्गातूनच येतात. पण निदान अचूक होते. दोन दिवसांनी मेस्त्रींनी तेच आपल्या भाषेत सांगितले : "गिअरबॉक्स घसरतोय, बाई."

साधा गिअरबॉक्स असता तर मी फोन ठेवून चहा घेतला असता. परंतु ताईची गाडी ऑटोमॅटिक आहे आणि तिच्या बाबतीत ऑटोमॅटिक ही चैन नव्हे. ताईला १९५८ साली, दोन वर्षांची असताना, पोलिओ झाला. डाव्या पायाला कॅलिपर आहे. त्या पायाने ती क्लच दाबू शकत नाही. गाडीचा गिअरबॉक्स हाच तिचा डावा पाय, असे म्हटले तर ती रागावेल. तिला असली वाक्ये आवडत नाहीत. पण वस्तुस्थिती तीच आहे.

अमेरिकेत डॉ. साल्क यांची पोलिओची लस यशस्वी ठरल्याचे एप्रिल १९५५ मध्ये जाहीर झाले होते. साताऱ्यातल्या आमच्या वाड्यापर्यंत ती वेळेत पोचली नाही. भारतात पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये हावड्याला सापडला आणि मार्च २०१४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देश पोलिओमुक्त झाल्याचे प्रमाणपत्र दिले. त्या वर्षी ताई निवृत्त होत होती. बातमी वाचून तिने वर्तमानपत्राची घडी केली आणि म्हणाली, "चला, आमच्या वर्गाला आता नवीन प्रवेश नाहीत."

ऑटोमॅटिक गाडीचेही तसेच झाले. अमेरिकेत जनरल मोटर्सने १९४० च्या ओल्ड्समोबिल गाड्यांत 'हायड्रामॅटिक' नावाचा आपोआप गिअर बदलणारा गिअरबॉक्स दिला होता. आपल्याकडे मध्यमवर्गाच्या आवाक्यातल्या गाड्यांत तो यायला १९९० च्या दशकाचा मध्य उजाडला. झेन आणि एस्टीम ऑटोमॅटिकमध्ये आल्या, मग आणखी दोनचार नावे आली. तोवर ताई मागे दोन जादा चाके लावलेल्या किनेटिक होंडावर शाळेत जात होती. तिलाही गिअर नव्हते, म्हणूनच ती घेतली होती. पावसाळ्यात रेनकोट, कॅलिपर, वह्यांचा गठ्ठा आणि ती स्कूटर असे सगळे शाळेच्या फाटकाशी पोचे, तेव्हा शिपाई छत्री घेऊन धावत येई.

२००३ साली तिने गाडी घेतली; तीन गिअरची, लहान, पांढरी. गाडीचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे जे सांगणार आहे तो दोष कंपनीचा नाही, वयाचा आहे. मी तेव्हा बँकेत अधिकारी होतो. नातेवाइकाचे कर्ज स्वतः मंजूर करता येत नाही, म्हणून तिचा अर्ज दुसऱ्या शाखेत गेला. पाच वर्षांचे कर्ज तिने चार वर्षांत फेडले. मला न विचारता.

*

दुरुस्तीच्या निमित्ताने मी पहिल्यांदाच हा गिअरबॉक्स समजून घेतला. तो इतका सोपा आणि इतका अवघड आहे की थोडे सांगितल्यावाचून राहवत नाही.

दोन टेबलफॅन तोंडासमोर तोंड करून ठेवा. एकच चालू करा. त्याच्या वाऱ्याने समोरचा बंद पंखाही हळूहळू फिरू लागतो. आता हवेच्या जागी तेल आणा आणि दोन्ही पंखे एका बंद डब्यात घाला. एक पंखा इंजिनाला जोडलेला, दुसरा गिअरबॉक्सला. मधे कसलीही घट्ट जोडणी नाही, फक्त तेल. म्हणून सिग्नलला गाडी उभी राहिली तरी इंजिन बंद पडत नाही, आणि क्लच दाबायची गरजही उरत नाही. हेरमान फॉटिंगर या जर्मन अभियंत्याने १९०५ साली ही कल्पना काढली ती मोटारीसाठी नव्हे, जहाजांसाठी. त्या डब्याला टॉर्क कन्व्हर्टर म्हणतात.

त्याच्या मागे दातेरी चक्रांचा संच असतो : मधे एक सूर्य, त्याभोवती ग्रह आणि बाहेरून एक कडे. यातले कोणते चक्र धरून ठेवायचे आणि कोणते सोडायचे यावर गिअर ठरतो. हे धरणे-सोडणे तेलात बुडालेल्या चकत्या करतात, आणि त्या चकत्यांना दाबणारा जोरही तेलाचाच. थोडक्यात, या यंत्रात तेल हे नुसते वंगण नाही. तेच हात, तेच स्नायू. म्हणून साधे इंजिन ऑईल इथे चालत नाही. लाल रंगाचे वेगळे तेल लागते. एकेकाळी अमेरिकेत त्यात देवमाशाच्या तेलाचा अंश मिसळत. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला देवमाशाला संरक्षण मिळाले आणि रसायनशास्त्रज्ञांना पर्याय शोधावा लागला.

ताईच्या गाडीतले तेल लाल नव्हते. मेस्त्रींनी पट्टी बाहेर काढून पांढऱ्या फडक्यावर पुसली. डाग कॉफीच्या रंगाचा, वास करपलेला. चकत्या झिजल्या किंवा रबरी सील कडक झाली, की दाब पुरत नाही आणि चकत्या घसरतात. इंजिन फिरते, चाक फिरत नाही. गाडी ओरडते आणि चालत नाही.

"शेवटचं तेल कधी बदललं होतं, बाई?" मेस्त्रींनी विचारले.

ताईने सर्व्हिसची वही उघडली. इंजिनाच्या तेलाच्या नोंदी दर सहा महिन्यांनी, रेषा आखून. गिअरबॉक्सच्या तेलाची शेवटची नोंद २०११.

"तेरा वर्षं," ती म्हणाली. "चूक माझी." आयुष्यभर दुसऱ्यांच्या वह्या तपासलेल्या बाईला हे वाक्य उच्चारताना किती त्रास झाला असेल, ते मला तिच्या चेहऱ्यावर दिसले.

*

पुढचे पंधरा दिवस सल्ल्यांचे होते. गाडी बिघडली की सल्ला देणारे आपोआप गोळा होतात. त्यांना स्टार्टर लागत नाही.

पहिला सल्ला एका गॅरेजवाल्याचा. "ऑटोमॅटिक काढून टाका, साधा गिअरबॉक्स टाकून देतो. क्लच पेडल बसवतो. तीस हजारांत काम, पुन्हा कटकट नाही." असे करणारे बरेच असतात, कारण जुन्या ऑटोमॅटिकचे सुटे भाग महाग आणि जाणकार हात कमी. बोलता बोलता त्याची नजर ताईच्या पायाकडे गेली आणि तो गप्प झाला. मग त्याने आम्हाला चहा पाजला.

दुसरा सल्ला आमच्या मेस्त्रींचा. यांची मुलगी ताईच्या हाताखाली दहावी झालेली. ते म्हणाले, "बाई, आहे तोच खोलू. चकत्या आणि सीलचं किट मुंबईहून मागवू. अठ्ठेचाळीस हजारांपर्यंत जाईल. पण त्याआधी तेल, जाळी आणि रेसची वायर बघू. कधी कधी रोग छोटा असतो." या जुन्या गिअरबॉक्सना एक्सलरेटरकडून एक वायर जाते, पाय किती दाबला आहे हे ती गिअरबॉक्सला कळवते. वायर सैल असली तरी गिअर चुकीच्या वेळी पडतात. मला मेस्त्रींची पद्धत आवडली. बँकेत ताळा जुळत नसला की आम्ही आधी बेरीज तपासायचो, मग व्हाउचर आणि सर्वात शेवटी माणसावर संशय घ्यायचो.

तिसरा सल्ला माझ्या मुलाचा. तो काही वर्षे मिशिगनला नोकरीला होता. तिथे शनिवार-रविवारी जुन्या गाड्या दुरुस्त करणाऱ्यांच्या गराजमध्ये त्याने बराच वेळ घालवला. तो म्हणाला, "बाबा, आहे तोच कशाला दुरुस्त करायचा? आत्याला चार गिअरचा बसवून देऊ. तिकडं सर्रास करतात."

तिकडे खरोखरच करतात, आणि त्यामागे पक्के कारण आहे. शेव्हरलेच्या गाड्यांत १९५० पासून 'पॉवरग्लाइड' नावाचा ऑटोमॅटिक येई, त्याला गिअर अवघे दोन. दुसऱ्या गिअरमध्ये इंजिनाची एक फेरी म्हणजे गिअरबॉक्समधून निघणाऱ्या दांड्याची एक फेरी. शहरात ठीक, पण महामार्गावर इंजिन सतत ओरडत राहते. म्हणून हौशी मंडळी तो काढून १९८० च्या दशकातला चार गिअरचा '७००आर४' बसवतात. त्याच्या चौथ्या गिअरचे गुणोत्तर ०.७० आहे. म्हणजे ज्या वेगाला इंजिन मिनिटाला ३००० फेऱ्या घेत होते, तिथे ते २१०० फेऱ्यांत भागवते. आवाज कमी, पेट्रोल कमी, इंजिनाचे आयुष्य जास्त. शिवाय त्या गाड्यांत गिअरबॉक्स लांबलचक, इंजिनाच्या मागे, बोनेटपासून मागच्या चाकांकडे जाणारा. दांडा थोडा आखूड करा, गिअरबॉक्सचा आधार सरकवा, वायर नीट जुळवा, झाले.

आमची गाडी पुढच्या चाकांवर चालणारी. तिचे इंजिन आडवे, त्याला चिकटून गिअरबॉक्स, आणि त्याच्याच पोटात दोन्ही चाकांना ताकद वाटून देणारे डिफरन्शियल. तसूभर जागा नाही. त्याच कंपनीच्या नंतरच्या गाडीतला चार गिअरचा गिअरबॉक्स आणला, तर इंजिनाला जोडणारे बोल्ट जुळायला हवेत, चाकांकडे जाणाऱ्या दांड्यांची लांबी जुळायला हवी, आणि तो गिअरबॉक्स संगणकाच्या हुकमावर चालणारा असल्यामुळे त्याचा संगणक व सेन्सर या जुन्या इंजिनावर चढवायला हवेत. पुण्यात नाना पेठेतल्या एका ओळखीच्या माणसाने सगळे करून द्यायची तयारी दाखवली. आकडा सांगितला एक लाख चाळीस हजार. "हमी?" मी विचारले. तो हसला. "साहेब, हमी तुमच्या नशिबाची."

त्यात कायद्याचाही प्रश्न होता. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानुसार, उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे पुन्हा ठामपणे सांगितले. आहे तोच गिअरबॉक्स दुरुस्त करणे वेगळे, दुसऱ्या जातीचा बसवणे वेगळे. असा विचार कोणाच्या मनात असेल तर आधी आरटीओला आणि विमा कंपनीला लेखी विचारावे. अपघात झाल्यावर तोंडी परवानगीला किंमत नसते, हे मी बँकेतल्या अनुभवावरून सांगतो.

चौथा सल्ला सर्वांचाच होता : भंगारात घाला, नवीन घ्या. यालाही उत्तर सोपे नव्हते. २०१४ साली सेलेरिओतून एएमटी आपल्याकडे आली आणि ऑटोमॅटिक गाडी एकदम स्वस्त झाली. एएमटी म्हणजे गिअरबॉक्स साधाच. क्लच दाबण्याचे आणि गिअर टाकण्याचे काम तेवढे यंत्र करते. आणि नव्या गाडीत सुरक्षितता जास्त हे नाकारता येत नाही. एबीएस ब्रेक आणि चालकापुढची एअरबॅग २०१९ साली सर्व नव्या गाड्यांना सक्तीची झाली. ताईच्या गाडीत दोन्ही नाहीत.

*

मी रीतसर तक्ता केला. चार रकाने, खर्च, आयुष्य, धोका, शेरा. तो घेऊन साताऱ्याला गेलो. दरम्यान मेस्त्रींनी तेल बदलले, जाळी धुतली, वायर जुळवली होती. गाडी बरी चालत होती. "पण हे औषध पंधरा-वीस दिवसांचं," त्यांनी बजावले होते. "आतलं दुखणं आत आहेच."

ताईने चष्मा लावला आणि तक्ता वाचला, माझ्या वहीवर पूर्वी फिरवायची तशी पेन्सिल फिरवत. चौथ्या गिअरपाशी ती थांबली.

"हा कधी पडतो?"

"मोकळ्या रस्त्याला. साठ-सत्तरच्या पुढं गेल्यावर खरा उपयोग."

"मी वर्षात किती वेळा जाते अशी?"

"पुण्याला चार वेळा येतेस. येऊन-जाऊन दोनशे वीस किलोमीटर."

"म्हणजे आठशे ऐंशी." तिने कागदाच्या कडेला लिहायला सुरुवात केली. "लिटरला अकरा धर. ऐंशी लिटर. चौथ्या गिअरनं त्यातलं पाव पेट्रोल वाचलं असं उदारपणे मानू. वीस लिटर. एकशे पाच रुपयांनी एकवीसशे. दुरुस्ती आणि बदल यांतला फरक ब्याण्णव हजार. भागिले एकवीसशे." तिने वर पाहिले. "चव्वेचाळीस वर्षं. मी आज अडुसष्टची. एकशे बाराव्या वर्षी तुझ्या चौथ्या गिअरचा नफा सुरू होईल."

मी हसलो. ती हसली नाही.

"आता खरं सांग. या तक्त्यात पाचवा रकाना का नाही?"

"कुठला?"

"गाडी विकायची आणि ताईनं घरी बसायचं. तू इथं गिअरबॉक्सबद्दल विचारतोयस की माझ्याबद्दल?"

वाचकहो, मी पस्तीस वर्षे नोकरी केली, चार कादंबऱ्या लिहिल्या. पण या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर तयार नव्हते. कारण प्रश्न बरोबर होता. आदल्या दिवाळीत मी तिच्या गाडीच्या डाव्या दारावर एक लांब ओरखडा पाहिला होता. मी काही विचारले नव्हते. तिने काही सांगितले नव्हते. तेव्हापासून रात्री फोन वाजला की माझ्या छातीत धस्स होई. गाडी बिघडली हे कळले तेव्हा, आता लिहितो म्हणून प्रामाणिकपणे लिहितो, मला क्षणभर बरे वाटले होते. जे मला बोलता येत नव्हते ते गिअरबॉक्स परस्पर बोलेल, खर्चाचा आकडा तिला थांबवेल, आणि माझ्यावर काही येणार नाही, असा तो हिशेब होता. एक लाख चाळीस हजारांचा आकडाही मी तक्त्यात तेवढ्याचसाठी ठेवला होता की काय, कोण जाणे.

"तो ओरखडा कशाचा?" मी शेवटी विचारले.

"आपल्याच फाटकाचा. संध्याकाळी सातला, अंधारात. मोतीबिंदू पिकायला लागला होता. त्यानंतर मी रात्री गाडी काढत नाही. मार्चमध्ये ऑपरेशन झालं ते तुला माहीत आहे. विचारलं असतंस तर सांगितलं असतं."

"तूही सांगू शकली असतीस."

"सांगितलं असतं तर तू तेव्हाच तक्ता घेऊन आला असतास."

दोघेही खरे होते.

*

दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, "बस गाडीत. आज माझी परीक्षा घे."

शाहूपुरीतून पोवई नाका, तिथून राजवाडा, मग यवतेश्वरचा घाट. मी शेजारी बसून तिच्या चुका शोधत होतो. भाजीवाल्यांच्या गर्दीत ती माझ्यापेक्षा हळू चालवते. रिक्षा आडवी आली तेव्हा मी दोन्ही पायांनी जमीन दाबली. तिने आधीच ब्रेक लावला होता. घाट चढताना तिने दांडी 'डी'वरून 'दोन'वर आणली. "नाहीतर वळणावळणाला दुसरा-तिसरा, दुसरा-तिसरा करत राहते. चकत्यांना त्रास." उतरताना पुन्हा 'दोन', एका तीव्र उताराला 'एल'. "ब्रेक तापू द्यायचे नाहीत. इंजिनालाच धरायला लावायचं." हे तिला कोणी शिकवले नव्हते. एकवीस वर्षांत ती आणि ते यंत्र एकमेकांना ओळखू लागले होते.

घाटाच्या वर एका वस्तीत ती आठवड्यातून दोनदा जाते. आठवी ते दहावीच्या नऊ मुली एका ओसरीवर जमतात. ताई त्यांना गणित शिकवते. पैसे घेत नाही, गृहपाठ मात्र घेते. त्या दिवशी बीजगणित होते. मी ओसरीच्या टोकाला बसून राहिलो. शिकवणी संपल्यावर एका मुलीने मला हळूच विचारले, "काका, बाईंची गाडी दुरुस्त होणार ना? रिक्षा इथवर येत नाही."

माझ्या तक्त्यात हा रकाना नव्हता. विमा कंपनीच्या लेखी त्या गाडीची किंमत उरली नव्हती, बाजारात चाळीस हजारांवर कोणी बोलत नव्हते. बँकेत आम्ही तारण पाहायचो : वस्तू विकली तर किती येतील? त्याच गाडीने नऊ मुलींची दहावी होणार आहे, हे तारणाच्या मूल्यांकनात कुठे लिहायचे, हे आम्हाला कधी शिकवले नव्हते.

परतताना ताईने आपला निर्णय सांगितला. गिअरबॉक्स आहे तोच खोलायचा, तीन गिअरचा. "चौथा गिअर ज्या रस्त्यासाठी लागतो तो रस्ता मी सोडते. खंबाटकी घाट, ते ट्रक, तो वेग आता नको. एअरबॅगचं तुझं म्हणणं मला पटलंय. म्हणूनच महामार्ग बंद. पुण्याला भाड्याच्या गाडीनं येईन. पण सातारा आणि यवतेश्वर माझं." थोडे थांबून ती म्हणाली, "नव्या गाडीला सहा-सात लाख घालायला माझी ना नाही. पण किती वर्षं चालवणार मी ती? नोंदणी २०२३ ला केली तेव्हा पाच हजार भरलेत, ती २०२८ पर्यंत आहे. तेव्हा गाडीची आणि माझी फिटनेस एकदमच बघू."

*

गिअरबॉक्स उतरवला तेव्हा मी मुद्दाम गेलो होतो. चकत्यांचा एक संच जळून काळा पडला होता. बाकीचे धड होते. सील मात्र पापडासारखी कडक. मेस्त्रींनी ती दोन बोटांत धरून मोडून दाखवली. टॉर्क कन्व्हर्टर शाबूत निघाला, नाहीतर खर्च वाढला असता. अठ्ठेचाळीसचे बावन्न हजार झाले आणि दहा दिवसांचे चोवीस, कारण किटमधली एक रिंग चुकीची आली. गाडी आज नव्यासारखी चालते असे मी म्हणणार नाही. थंडीत सकाळी पहिला गिअर पडताना हलका धक्का देते. पण घसरत नाही.

एवढ्या खटाटोपातून जे शिकलो ते आपल्यापैकी कोणाच्या दारात जुनी ऑटोमॅटिक उभी असेल तर त्याच्या उपयोगी पडावे. तेल पाहण्याची पट्टी असेल तर ते महिन्यातून एकदा पाहा. कसे पाहायचे ते गाडीच्या पुस्तकात दिलेले असते, बहुतेक जुन्या गाड्यांत इंजिन गरम आणि चालू ठेवून. रंग तपकिरी झाला, वास करपला, की थांबू नका. बंद पडलेली ऑटोमॅटिक गाडी पुढची चाके जमिनीवर ठेवून दोरीने ओढू नका. इंजिन बंद असताना आतले तेल फिरत नाही आणि चांगला गिअरबॉक्सही त्यात जातो. दुरुस्तीआधी स्वस्त कारणे तपासून घ्या. आणि कोणी नवा, मोठा, जास्त गिअरचा बसवून देतो म्हणाला, तर आधी त्या गिअरचा रस्ता आपल्या आयुष्यात किती उरला आहे त्याचा हिशेब करा. रस्ता असेल तर खर्च जरूर करा. मिशिगनमधली ती हौशी मंडळी चुकत नाहीत. त्यांचे रस्तेच तसे आहेत.

आणखी एक. म्हाताऱ्या माणसाच्या गाडीबद्दल बोलायचे असेल, तर गाडीच्या आडून बोलू नका.

ताईने सर्व्हिसच्या वहीच्या शेवटच्या पानावर आता चार ओळी लिहून ठेवल्या आहेत. रात्री गाडी नाही. महामार्ग नाही. दर वर्षी डोळ्यांची तपासणी. आणि चौथी : 'ज्या दिवशी मला स्वतःला शंका येईल, त्या दिवशी किल्ली मी आणून देईन. तोवर कोणी मागू नये.' खाली तिची सही. तिने मलाही साक्षीदार म्हणून सही करायला लावली, तारखेसह.

परवा सकाळी साडेसातला पुन्हा फोन वाजला. माझ्या छातीत धस्स झाले, ते काही अजून गेलेले नाही.

"गाडी कशी आहे?" मी घाईने विचारले.

"गाडीला काय झालंय?" ताई म्हणाली. "आडवा शब्द आहे, पाच अक्षरी. 'हट्टी' या अर्थाचा."